दांड्यातला पीळ आणि वजनावरचा कर

नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाला 'सरकारने कर बदलला आणि धंदा बदलला' हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही. २००१ साली महाराष्ट्राचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं, राज्यात तयार होणाऱ्या वाइनला अबकारी करातून सूट मिळाली, आणि पुढच्या काही वर्षांत दिंडोरी, गंगापूर, निफाडच्या रस्त्यांवर वायनरींच्या पाट्या दिसू लागल्या. त्यामुळे जुन्या इंग्लिश वाइन ग्लासांबद्दल जी एक प्रसिद्ध गोष्ट सांगितली जाते, ती आपल्याला ऐकल्याबरोबर खरी वाटते.

गोष्ट अशी. अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये जे वाइन ग्लास बनत, त्यांच्या दांड्यात पीळ असायचा. काही दांड्यांत हवेच्या बारीक नळ्या दोरीसारख्या वळत वर गेलेल्या, काहींत पांढऱ्या काचेचे धागे. हे का झालं? तर १७४५ मध्ये तिथल्या पार्लमेंटने काचेवर वजनाप्रमाणे कर लावला. मग कारागिरांनी काच वाचवायला दांड्यात हवा भरली. १७७७ मध्ये कर दुप्पट झाला, पांढरी अपारदर्शक काचही त्यात आली, आणि पांढरे पीळ संपले. जुन्या वस्तू विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत आणि संग्राहकांच्या मार्गदर्शिकांत ही गोष्ट कमीजास्त फरकाने सापडते.

मला ती आवडते. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं जागच्या जागी आहे. आणि नेमकी म्हणूनच ती आजच्या पोस्टसाठी निवडली आहे. माझा विषय जुन्या काचेचं रसायनशास्त्र. पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण विचारतात, की 'लिटरेचर रिव्ह्यूमध्ये एखादं विधान सगळीकडे दिसतंय, मग ते तपासायचं कसं?' उत्तर एका उदाहरणावर करून दाखवतो. विषय वाइन ग्लासच्या दांड्याचा आहे, पण तुमचा विषय माती, औषध किंवा मतदान असला तरी काम साधारण असंच चालतं.

आधी वस्तू नीट बघू. कुठलंही स्पष्टीकरण तपासण्याआधी ज्याचं स्पष्टीकरण द्यायचंय ते समजून घ्यायचं. ही पायरी लोक गाळतात, विशेषतः आपण सायन्सवाले.

१६७४ मध्ये लंडनच्या जॉर्ज रेवन्सक्रॉफ्टने नव्या प्रकारच्या काचेचं पेटंट घेतलं. सुरुवातीला या काचेला बारीक तडे जात. काही वर्षांत मिश्रणात शिशाचं ऑक्साइड घालून ती सुधारली. शिशाची काच जड असते, प्रकाश जास्त वाकवते, आणि थंड होताना हळूहळू घट्ट होते, म्हणजे कारागिराला हात फिरवायला वेळ मिळतो. या काचेचे सुरुवातीचे ग्लास बघितले तर दांडे जाडजूड, गाठीगाठींचे, जिन्याच्या कठड्याच्या खांबासारखे. कित्येकदा त्या गाठीत हवेचा एक थेंब मुद्दाम अडकवलेला असतो. १७१४ नंतर खांद्याकडे रुंद, कोनदार साच्यातले दांडे येतात. त्यातल्या काहींवर नव्या राजाच्या, पहिल्या जॉर्जच्या, नावाचा जयजयकारही उठवलेला आहे. मग १७२०-३० च्या सुमाराला दांडे बारीक व्हायला लागतात. १७४० च्या दशकात हवेचे पीळ जोरात, १७५५ ते १७८० पांढरे पीळ, आणि १७६० पासून पुढे दांड्याला पैलू पाडण्याची पद्धत. हे सगळे कालखंड एकमेकांवर चढलेले आहेत. एके दिवशी एक बंद होऊन दुसऱ्या दिवशी दुसरं सुरू झालं असं नाही. तक्त्यात मात्र ते तसं दिसतं. तक्ते करायला सोपे असतात, म्हणून दिसतं.

आता पीळ कसा घालतात ते. हवेचा पीळ करताना वितळलेल्या काचेच्या गोळ्याला टोचून खड्डे पाडतात, त्यावर काचेचा दुसरा थर चढवतात, म्हणजे खड्ड्यांत हवा कोंडली जाते. मग तो गोळा ओढायचा आणि ओढता ओढता फिरवायचा. हवेचे ठिपके लांब होतात, त्यांचे धागे होतात, धाग्यांना पीळ बसतो. पांढऱ्या पिळासाठी साच्याच्या कडेने पांढऱ्या काचेच्या काड्या उभ्या लावतात, मध्ये पारदर्शक काच ओततात, पुन्हा तापवतात, ओढतात, फिरवतात. साखरेच्या पाकाची तार ओढताना पाहिली असेल तर कल्पना येईल. जी रचना जाड गोळ्याच्या छेदात असते तीच बारीक होऊन लांब काडीच्या छेदात राहते. एका लांब काडीतून अनेक दांडे कापता येतात.

यातून एक सुंदर खूण मिळते. काही ग्लासांत वरचा पेला आणि दांडा एकाच काचेतून ओढलेला असतो, बैठक तेवढी वेगळी जोडलेली. अशा ग्लासात हवेचे धागे वर जाताना पसरतात आणि पेल्याच्या बुडात उघडतात, फुलाच्या देठासारखे. काहींत पेला, दांडा, बैठक असे तीन तुकडे जोडलेले असतात. तिथे धागे जोडाजवळ कापल्यासारखे थांबतात. पांढरे पीळ जवळजवळ नेहमी या तीन तुकड्यांच्या ग्लासांत दिसतात, कारण काडी आधीच तयार करून ठेवलेली असते. म्हणजे धागा कुठे संपतो एवढं बघून कामाचा क्रम वाचता येतो. कागद न उघडता.

कागद मात्र उघडावे लागतातच. आणि इथे या विषयाची खरी अडचण आहे. आपल्या जुन्या नाशकात, मातीच्या गढीवर, १९५०-५१ मध्ये सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा प्रत्येक वस्तू कुठल्या थरात मिळाली याची नोंद होती. थराने वस्तूचा काळ सांगायचा. इंग्लिश वाइन ग्लास बहुतेक करून घरांच्या कपाटांतून आले आहेत. कपाटाला थर नसतात. कारखान्याचा शिक्का बहुधा नाही, तारीख नाही. तारीख कोरलेली असली तरी ती कोरणाऱ्याची, काच बनवणाऱ्याची नव्हे; जुन्या ग्लासवर नंतर कधीही कोरता येतं. स्टुअर्ट घराण्याच्या बाजूचे जे लोक होते त्यांच्या गुलाबाच्या खुणा असलेले पिळाचे ग्लास संग्राहकांना फार प्रिय, आणि त्यांची नक्कलही तेवढीच झालेली आहे.

तर मग काळ ठरला कसा? आकारावरून. १८९७ मध्ये अल्बर्ट हार्टशोर्नने जुन्या इंग्लिश ग्लासांवर मोठा ग्रंथ लिहिला, विसाव्या शतकात फ्रान्सिस बकलीने अठराव्या शतकातल्या वर्तमानपत्रांतल्या काचविक्रेत्यांच्या जाहिराती चिकाटीने वेचून काढल्या, आणि पुढे दांड्यांचं वर्गीकरण अधिकाधिक बारीक होत गेलं. बकलीचं काम मला यात सर्वांत मोलाचं वाटतं. जाहिरात ही सनावळीच्या दृष्टीने प्रामाणिक असते. त्या दिवशी दुकानात काय आहे तेच ती सांगते. पण वर्गीकरणात कायद्यांच्या तारखाही खुंट्यांसारख्या वापरल्या गेल्या. आता धोका लक्षात घ्या. 'हवेचे पीळ १७४५ च्या सुमाराला सुरू झाले' हे जर आपण काही अंशी करामुळे ठरवलं असेल, तर 'बघा, कर लागला आणि पीळ आले' हा पुरावा होऊ शकत नाही. आपणच ठेवलेली वस्तू आपणच शोधून काढल्यासारखं ते आहे. तुमच्या विषयातही हे वर्तुळ कुठेतरी असतं. शोधा.

तारखांचा प्रश्न बाजूला ठेवून आता हिशेब करू. सायन्सवाल्याला इथे थोडा फायदा आहे.

कर किती होता? दर हंड्रेडवेटला ९ शिलिंग ४ पेन्स. हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, आणि ९ शिलिंग ४ पेन्स म्हणजे बरोबर ११२ पेन्स. थोडक्यात, पौंडाला एक पेनी. आता एक दांडा घ्या: ८ सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर जाड. आकारमान साधारण ६.३ घन सेंटिमीटर. शिशाच्या काचेची घनता ३.२ धरू, वजन २० ग्रॅम. आत हवेच्या आठ नळ्या, प्रत्येक अर्धा मिलिमीटर जाड, पिळामुळे लांबी दीडपट धरून १२ सेंटिमीटर. सगळी हवा मिळून ०.१९ घन सेंटिमीटर. वाचलेली काच ०.६ ग्रॅम.

एका पौंडात ४५४ ग्रॅम. म्हणजे एक पेनी वाचवायला साडेसातशे ग्लास पिळावे लागतील! मी धरलेले आकडे तुम्ही बदला. नळ्या दुप्पट करा, जाडी वाढवा. पेनीमागे दोनशे ग्लास आले तरी निष्कर्ष हलत नाही, कारण प्रत्येक दांड्याला टोचणं, दुसरा थर चढवणं, ओढणं, पिळणं ही जास्तीची मजुरी आहे. शिवाय कर तयार ग्लासवर नव्हता, भट्टीत जाणाऱ्या मालाच्या वजनावर होता. काम करताना जी काच वाया जाईल तिचाही हिशेब त्यात आलाच. पांढऱ्या पिळात तर हवाही नाही, एका काचेच्या जागी दुसरी काच आहे. 'काच वाचवायला पीळ घातला' हे विधान या हिशेबापुढे टिकत नाही.

पण थांबा. इथे खूश होऊन पेपर लिहायला बसू नका. आपण फक्त विधानाचं सर्वांत कच्चं रूप पाडलं. त्याचं पक्कं रूपही तपासायला हवं: कराने सगळा ग्लासच हलका झाला, जाड गाठी परवडेनात, आणि साध्या सरळ दांड्याला शोभा आणायची तर ती आत आणावी लागली. हे रूप इतकं सहज पडत नाही. ग्लास १०० ग्रॅमने हलका केला तर जवळपास एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, वाचते. हजारो ग्लास बनवणाऱ्याला ती रक्कम दिसते.

मग क्रम बघायचा. दांडे बारीक व्हायला लागले १७२०-३० च्या सुमाराला, कराच्या आधी पंधरा-वीस वर्षं. म्हणजे करामुळे हलकेपणाची सुरुवात झाली नाही. वेग आला असेल. वाइनच्या धोरणाबाबतही हेच आहे, जरा आठवा. सुलाची पहिली वाइन २००० साली आली आणि धोरण २००१ चं. धोरणाने नाशिकची वाइन जन्माला घातली असं म्हणणं चूक, त्याने काही केलंच नाही म्हणणंही चूक. 'सुरू केलं' आणि 'वाढवलं' ही दोन वेगळी विधानं आहेत आणि त्यांना लागणारा पुरावाही वेगळा असतो. सिनॉप्सिसमध्ये क्रियापद निवडताना हे डोक्यात ठेवा. व्हायव्हाला बसलेले परीक्षक नेमकं क्रियापदच पकडतात.

आयर्लंडचं उदाहरण इथे नेहमी दिलं जातं. १७४५ चा कर आयर्लंडला नव्हता, पण तिथून काच बाहेर पाठवायला बंदी घातली. १७८० मध्ये ती उठली, १७८३ मध्ये वॉटरफर्डचा कारखाना सुरू झाला, आणि तिथली जड, खोल कापकामाची काच प्रसिद्ध झाली. कर नाही तिथे जड काच: पक्क्या रूपाला आधार मिळाला असं वाटतं. आणि मग लक्षात येतं की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्येही, वाढत्या कराखाली, तशीच जड कापकामाची काच बनत होती. श्रीमंत गिऱ्हाईक कराला भीत नाही. पैलूंचे दांडे तर कराच्या तर्काच्या उलटच आहेत. ज्या काचेवर कर भरलाय तीच घासून टाकायची. तरीही १७६० नंतर फॅशन तिकडेच वळली.

आता आपल्याकडे येऊ. कारण वर जे काही केलं ते इंग्लंडच्या आतलंच होतं, आणि एखादं कारण खरंच लागतं का हे बघायचं तर ते कारण जिथे नव्हतं अशी जागा शोधावी लागते. इथे जागा आहे कोल्हापूर.

पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये सांकळिया आणि मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी उत्खनन केलं. सातवाहन काळाच्या वस्तूंसाठी ही जागा जास्त माहीत आहे, पण वरच्या, बहामनी काळाच्या थरांत काचेच्या बांगड्यांचे तुकडे भरपूर मिळाले. एकरंगी तर होतेच, बहुरंगीही होते: गडद काचेच्या गाभ्यावर पिवळ्या, हिरव्या, लाल काचेच्या पट्ट्या आणि ठिपके, आणि काहींवर वेगवेगळ्या रंगांच्या काड्या एकत्र पिळून बसवलेल्या. नेवाशाला १९५४ ते ५६ च्या उत्खननातही बहुरंगी बांगड्या मध्ययुगीन थरांतच आल्या. दीक्षितांनी पुढे भारतीय काचेचा सगळा इतिहासच इंग्रजीत लिहिला, मुंबई विद्यापीठाने तो १९६९ मध्ये छापला. काचेवर काम करायचं असेल तर अजूनही तिथूनच सुरुवात करावी लागते. एक मराठी माणूस बांगडीच्या फुटक्या तुकड्यांकडे इतक्या गांभीर्याने बघत होता याचं मला फार अप्रूप आहे.

बांगडीतला पीळ आणि दांड्यातला पीळ एकच नव्हे. इंग्लिश पीळ पारदर्शक काचेच्या पोटात आहे, आपला पृष्ठभागावर. इंग्लिश काच शिशाची, आपली बहुतेक क्षारयुक्त. पण हाताची मूळ क्रिया तीच: रंगाची काडी तापवा, ओढा, फिरवा. आणि ही क्रिया इथे पार्लमेंटच्या कायद्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. व्हेनिसजवळच्या मुरानोतही पांढऱ्या धाग्यांची पिळलेली काच १५२७ मध्येच इतकी मौल्यवान होती की सेरेना बंधूंनी त्या पद्धतीसाठी खास हक्क मागितला. म्हणजे पीळ ही काचेलाच सहज सुचणारी गोष्ट आहे. मऊ काच ओढणाऱ्या कुणाच्याही हातात ती येते. पीळ कसा जमला याचं उत्तर भट्टीत आहे. अमुक वेळी अमुक गावात त्याला गिऱ्हाईक का मिळालं, एवढाच प्रश्न इतिहासासाठी उरतो. कराची गोष्ट या दोन प्रश्नांची सरमिसळ करते.

वेळेचा अंदाज यावा म्हणून एक गंमत. इंग्लंडमध्ये पांढऱ्या पिळांचा बहर होता ती वर्षं म्हणजे आपल्याकडे पानिपतापासून बारभाईंपर्यंतची. गंगापूर रस्त्याने आनंदवल्लीवरून जाताना राघोबादादांची आठवण निघते. त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला तो मार्च १७७५ मध्ये. दोनच वर्षांनी तिकडे पांढऱ्या काचेवर कर बसला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. शेजारी शेजारी ठेवल्या की मात्र संबंध असल्यासारखं वाटू लागतं.

आता १७७७ चं काय? पांढरी काच कराखाली आली आणि पांढरे पीळ कमी झाले, हे दोन्ही खरं आहे. पण त्याच दशकात पैलूंचे दांडे पुढे सरकत होते, आणि ग्रीक-रोमन साधेपणाची आवड फर्निचर, चांदी, इमारती अशा सगळ्यांत शिरत होती. त्या वस्तूंवर हा कर नव्हता. माझं मत विचाराल तर १७७७ च्या कराने आधीच उताराला लागलेल्या वस्तूला धक्का दिला. हे सिद्ध करायला कारखान्यांचे हिशेब लागतील, निदान १७७० ते १७८० च्या जाहिरातींतल्या किमती वर्षवार मांडाव्या लागतील. १७७७ च्या आधीच पांढऱ्या पिळांचे भाव पडत असले तर माझं मत बरोबर. भाव टिकून असले आणि १७७७ नंतर एकदम चढले, तर माझं मत टाकून द्यायचं. तुमच्या प्रस्तावात हे वाक्य असलंच पाहिजे: काय सापडलं तर मी माझं म्हणणं सोडेन. बहुतेक प्रस्तावांत ते नसतं.

शेवटी एक गृहपाठ. काचेवरचा हा कर १८४५ मध्ये रद्द झाला. १८४९ मध्ये लंडनचा काचकारखानदार ॲप्सली पेलॅटने काचकामावर पुस्तक लिहिलं, आणि त्यात व्हेनिस पद्धतीची पांढऱ्या धाग्यांची काडी कशी करायची ते सांगितलं. कर गेला, चार वर्षांत पीळ परत आला. कमेंटमध्ये लिहा: हे खरं मानण्याआधी तुम्ही कोणत्या तीन गोष्टी तपासाल? 'व्हेनिस' हा शब्द वाक्यात उगाच आलेला नाही, एवढी सूचना देतो.